धाप लागते, तरी ऑक्सिमीटर ९८च का दाखवतो?

मांडवीकाठ

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे. माझे ऑफिस पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर. वजन आणि साखर दोन्ही वाढल्यामुळे हल्ली स्कूटर खालीच लावतो आणि मळ्याकडच्या पायऱ्यांनी चढून जातो. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, तो सहज खिशात टाकला. खाली असताना ९८, नाडी ७८. वर पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता, शर्ट भिजलेला, नाडी १४०च्या पुढे. आणि ऑक्सिजन? ९७. थोड्या वेळाने परत ९८.

आता मला सांगा, रक्तातला ऑक्सिजन कमी झालाच नाही तर मी धापा कशासाठी टाकत होतो? आणि मांड्या-पोटऱ्यांनी एवढे काम केले, त्यांनी जो जादा ऑक्सिजन खाल्ला तो कुठल्या खात्यातून गेला? शाळेत 'हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते' एवढे पाठ केले होते. ते सोडते कुठे, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे कुणी शिकवले नाही.

तिरकस_तिसऱ्या

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहून तोही पर्मनंट झाला असणार. काम कितीही वाढो, आकडा तोच.

सायकलवाला_फोंडा

यंत्र ठीक आहे हो. पारोड्याला चंद्रनाथाचा डोंगर सायकलने चढून वर देवळापाशी बोट घातले तरी ९६-९७च येतात, आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे तसेच. फक्त हात हलत असेल किंवा बोट गार पडले असेल तर तो वाट्टेल ते दाखवतो. थांबायचे, नाडीचा आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि मग वाचायचे.

माझे मत विचाराल तर दम छातीत कमी आणि पायांत जास्त असतो. कारण विचारू नका, जाणकार येतीलच.

काचपट्टी

जाणकार नाही, पण आयुष्य लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांत गेले म्हणून लिहिते.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडतो, तांबडा आणि अवरक्त. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन सोडलेले जास्त शोषते. ठोक्यागणिक जो भाग कमीजास्त होतो तेवढाच यंत्र हिशेबात घेते. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. ठोका असतो रोहिणीत. म्हणजे यंत्र बोलते ते फुप्फुसातून भरून निघालेल्या रक्ताबद्दल. पोटरीतून परत निघालेल्या रक्ताबद्दल ते चकार शब्द काढत नाही, आणि सगळी गंमत त्या परतीच्या रक्तात आहे.

आता आकडे. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन धरते. तुमचे हिमोग्लोबिन १५, म्हणजे १०० मिली रक्तात १५ ग्रॅम, असेल तर १०० मिली रक्तात जवळपास २० मिली ऑक्सिजन मावतो. हिमोग्लोबिनशिवाय नुसता विरघळलेला म्हणाल तर फक्त ०.३ मिली. स्वस्थ बसलेले असताना शरीर त्या २० मधले ५ मिलीच काढून घेते, बाकीचा पाऊण भाग न वापरता हृदयाकडे परत येतो. जोराच्या व्यायामात तेच शरीर १५ मिली किंवा थोडे अधिक काढून घेते. शिवाय हृदय मिनिटाला ५ लिटरऐवजी २० लिटर रक्त फेकायला लागते.

करा गुणाकार. बसल्यावर ५ लिटर गुणिले ५० मिली, म्हणजे मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन. पळताना २० लिटर गुणिले १५० मिली, म्हणजे ३००० मिली. बारा पट! आणि बोटातला आकडा जागचा हलला नाही. रक्ताचा प्रवाह आणि येता-जातानाचा फरक यांचा हा गुणाकार आडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडला.

तेव्हा मांडवीकाठ, जादा ऑक्सिजन गेला तो एरवी जो शिल्लक परत येतो त्यातून.

मांडवीकाठ

ताई, देव बरे करू! हे कुणी असे सांगितलेच नव्हते. पण मग पुढचा प्रश्न आला. आता जास्त सोडायचे आहे हे हिमोग्लोबिनला कळते कसे? पोटरीत आणि, समजा, कानाच्या पाळीत रक्त तर एकच.

निवृत्त_मास्तर

त्याला काहीच कळत नाही, हीच त्यातली खुबी. जिथे जशी परिस्थिती असेल तसे ते वागते.

आपला पोदेर, म्हणजे पाववाला, डोळ्यांसमोर आणा. पहाटे भट्टीवरून टोपली भरून निघतो, हॉर्न वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. भट्टी म्हणजे फुप्फुस, टोपली म्हणजे हिमोग्लोबिन. ज्या घरात कालचे पाव शिल्लक आहेत तिथे दोनच उंडे खपतात, ज्या घरात पाहुणे उतरलेत तिथे डझन जातात. पोदेराला आतली खबर असायची गरज नाही, दारातून जेवढे मागतील तेवढे तो देतो. स्नायूतले 'मागणे' म्हणजे तिथला ऑक्सिजनचा दाब. फुप्फुसात तो १०० मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, स्वस्थ शरीरातून परतणाऱ्या रक्तात ४०, आणि राबणाऱ्या स्नायूत २० किंवा त्याहूनही खाली.

दाब १०० वरून ६० वर आला तरी हिमोग्लोबिन ९० टक्के भरलेलेच राहते. ४० ला ७५ टक्के. २७ ला निम्मे. २० ला जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे वरच्या बाजूला ते चिकट आणि खालच्या बाजूला एकदम उदार. आलेखावर काढले तर इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेघ येते. हे वळण येते कारण हिमोग्लोबिनच्या रेणूत ऑक्सिजन धरणाऱ्या चार जागा आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून आहेत. एक जागा रिकामी झाली की रेणूचा आकारच थोडा बदलतो आणि उरलेल्यांची पकड सैल होते. हा आकार क्ष-किरणांनी उलगडणाऱ्या मॅक्स पेरुत्झ यांना १९६२चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, जॉन केंड्र्यू यांच्यासोबत.

तिरकस_तिसऱ्या

मास्तर, पाऊण टोपली तशीच परत नेणारा पोदेर आमच्या वाड्यावर महिनाभरही टिकणार नाही.

सायकलवाला_फोंडा

शिवाय टोपली रिकामी होत आली म्हणून पोदेर उरलेले पाव सोडायला जास्त उत्सुक होतो असे कुठे असते? उलट शेवटचे चार तो ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतो. उदाहरण गोड आहे पण अर्ध्यावर मोडते.

निवृत्त_मास्तर

मोडू द्या की. उदाहरण दारापर्यंत आणून सोडते, आत आपले आपण जायचे. पण परत नेलेल्या पाऊण टोपलीला हसू नका. तेवढी शिल्लक हाताशी असते म्हणूनच तुम्ही बस पकडायला एकदम धावू शकता. हृदयाचा वेग वाढायला थोडा वेळ लागतो, शिल्लक मात्र जागेवरच असते.

आणखी एक गोष्ट राहिली. स्नायू राबायला लागला की तीन गोष्टी होतात. कार्बन डायऑक्साइड वाढतो, आम्लता वाढते, तापमान चढते. या तिन्हींनी हिमोग्लोबिनची पकड ढिली पडते. त्याच २० मिमी दाबाला राबणाऱ्या स्नायूत ते अधिक ऑक्सिजन सोडते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम ख्रिस्तियान बोर यांनी हासेलबाल्ख आणि क्रोग या सहकाऱ्यांबरोबर कोपनहेगनला १९०४ मध्ये दाखवला. हे अणूवाल्या नील्स बोर यांचे वडील. त्यातल्या ऑगस्ट क्रोग यांना पुढे केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२०चे नोबेल मिळाले.

मांडवीकाठ, तुमच्या कानाच्या पाळीत यातले काहीच घडत नाही. म्हणून रक्त एकच असून तिथे सोडणे वेगळे.

मालवणी_मसाला

सीमेपलीकडून नमस्कार. तापमान वाढले की ऑक्सिजन जास्त सुटतो ना? मग मे महिन्यात मिरामारवर दुपारी पळणे सगळ्यात उत्तम म्हणायचे. आमची उगाच पहाटे पाचची कटकट.

ट्रायथलॉन_मामा

पळून बघा एकदा, मग बोलू.

स्नायू स्वतःच्या कामाने तापतो, त्याला बाहेरच्या उन्हाची गरज नसते. पहाटे पळालात तरी मांडीत ३९-४० अंश सहज होतात. उन्हात जे बिघडते ते वेगळे. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळते, घामाने रक्तातले पाणी कमी होते, हृदयात प्रत्येक ठोक्याला कमी रक्त भरते आणि तेवढ्याच वेगाला नाडी चढत जाते. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, म्हणजे गारवा मिळत नाही आणि पाणी जाते ते जातेच. २०१९ पासून पणजीत आयर्नमॅन ७०.३ होते, १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणे. त्यातले शेवटचे धावणे लोकांना लोळवते ते अंतरामुळे कमी आणि उन्हामुळे जास्त. ऑक्सिजन सुटायला तयार आहे हो, पण तो घेऊन येणारे रक्तच दुसरीकडे वाटले गेले तर काय करणार?

स्वस्थ असताना हृदयातून निघालेल्या रक्तातला पाचवा भाग किंवा त्याहून कमी स्नायूंना मिळतो. जोरात असताना ८० टक्क्यांवर. हे वाटप फार मोठे आहे. काम करणाऱ्या स्नायूतल्या बारीक धमन्या तिथेच तयार होणाऱ्या पदार्थांनी रुंदावतात, आणि आतडी, मूत्रपिंडे यांचे रक्त आखडते.

तिरकस_तिसऱ्या

म्हणजे शीतकडी-हुमण जेवून पळायला गेले की आतडी आणि पाय यांच्यात भांडण. अनुभव आहे. आतडी जिंकली होती.

पेडण्याचे_आजोबा

तुम्ही सगळे फार लांबून वळसा घेता. सकाळी वीस मिनिटे भस्त्रिका करा, रक्त प्राणवायूने भरून जाईल, धाप लागणारच नाही. माझे वय ७४, अजून विहिरीचे पाणी ओढतो.

काचपट्टी

आजोबा, विहिरीबद्दल दंडवत. पण रक्त भरण्याबद्दल मतभेद. ते आधीच ९८ टक्के भरलेले आहे, भस्त्रिकेने फार तर ९९ होईल. जोरजोरात श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने कमी होतो. मास्तरांनी वर लिहिले ते उलटे लावा. कार्बन डायऑक्साइड कमी म्हणजे हिमोग्लोबिनची पकड घट्ट, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात. म्हणून काहींना भस्त्रिका करताना चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

मन शांत होणे, छातीच्या स्नायूंना व्यायाम, हे फायदे मी नाकारत नाही.

पेडण्याचे_आजोबा

आम्हाला कधी चक्कर आली नाही. हळू करतो. पण मुद्दा लक्षात ठेवतो.

कांपालचा_पोहणारा

आजोबांच्या मुद्द्यावरून एक गंभीर गोष्ट. पोरे पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज लावतात आणि बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतात. हे अजिबात करू देऊ नका. श्वास घ्यायची असह्य ओढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे लागते. तो आधीच धुऊन टाकला तर ओढ लागायच्या आधीच ऑक्सिजन इतका खाली जातो की पोरगा पाण्याखाली बेशुद्ध होतो. काही इशारा नाही, हातपाय मारणे नाही. चांगले पोहणारेच यात जातात. तळी, खाणींचे खंदक, पूल, कुठेही.

धुळेरचा_विंगर

+१. हे वेगळा धागा काढून लिहा.

बाकी आमच्या वेळी धुळेरच्या मैदानावर कोच सांगायचे, 'पायात ॲसिड झालंय, उद्या दुखणार.' हाफ टाइमला मुले ऑक्सिजनचा डबा तोंडाशी लावताना हल्ली बघतो. दोन्ही गोष्टींबद्दल जाणकारांनी लिहावे. आणि विंगरची धाव तर दहा-पंधरा सेकंदांची, तेवढ्यात ऑक्सिजन पोचतो तरी का?

ट्रायथलॉन_मामा

पहिल्या काही सेकंदांच्या धावेला ताज्या ऑक्सिजनची वाटच बघावी लागत नाही. स्नायूत साठवलेले एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट हे तयार इंधन कामाला येते, मागोमाग ग्लुकोज ऑक्सिजनविना तोडले जाते. पण दोन धावांच्या मधे तो साठा परत भरायचा तर ऑक्सिजनच लागतो. म्हणून ज्याची पोच चांगली तो ऐंशीव्या मिनिटालाही तशीच धाव मारतो.

डब्यातला ऑक्सिजन इथे समुद्रसपाटीला जवळजवळ पैसे वाया. भरलेल्या टोपलीत आणखी काय घालणार? आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे आम्लाचे नसते. ज्याला कोच 'ॲसिड' म्हणतात ते लॅक्टेट तासा-दोन तासांत साफ होते, उलट हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखते ते स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे.

डिचोलीची_लेक

इतके दिवस फक्त वाचत होते, या धाग्यावर लिहावेसे वाटले. मलाही ९८ दिसायचे आणि मी एका जिन्यात बसकण मारायचे. जिममधला ट्रेनर म्हणाला, 'स्टॅमिना नाही, कार्डिओ वाढवा.' घरचे म्हणाले, आळस. मीही बोटातला आकडा बघून ऑक्सिजनचा प्रश्न नाही असे धरून चालले. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९ निघाले. पाळीचा त्रास होता, लोह पार संपलेले. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत जिना जिन्यासारखा वाटू लागला.

मग ते ९८ खोटे होते का?

काचपट्टी

खरे होते, आणि म्हणूनच फसवे. ९८ म्हणजे तुमच्याकडे जेवढे हिमोग्लोबिन आहे त्यातले ९८ टक्के भरलेले आहे. ते मुळात किती आहे हे यंत्र सांगूच शकत नाही. ९ गुणिले १.३४, म्हणजे १०० मिली रक्तात १२ मिली ऑक्सिजन. मांडवीकाठांकडे २०, तुमच्याकडे १२, आणि बोटात दोघांचे ९८! बसून राहाल तर ५ मिली दोघांनाही पुरतात. जिना चढायला लागलात की तुमचे खाते आधी संपणार. मग हृदय जास्त पळून भरपाई करते, म्हणून छाती धडधडते. शरीर आणखी एक करते. तांबड्या पेशींत २,३-डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो आणि हिमोग्लोबिन जरा सहज ऑक्सिजन सोडू लागते. त्यामुळे हळूहळू आलेला ॲनिमिया माणूस बराच काळ निभावून नेतो आणि त्याला आळस म्हणून मोकळा होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियाच्या व्याख्येत बसल्या. हा धागा वाचणाऱ्या बायांनो, जिन्यात दम लागत असेल तर ऑक्सिमीटर नको, सीबीसी म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी करा. साधी, स्वस्त चाचणी आहे. आणि लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, लोह का गेले हे आधी शोधायला हवे.

सिगारेटवाल्यांसाठीही हेच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, जागा अडवतो आणि उरलेल्या जागांचीही पकड घट्ट करतो. साधा ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतो आणि झकास आकडा दाखवतो.

निवृत्त_मास्तर

काचपट्टीताईंचा हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

मालवणी_मसाला

तांबडी भाजी खा की! आजी म्हणायची, रक्तासारखा रंग म्हणजे रक्त वाढणारच. बीटही तसेच.

डिचोलीची_लेक

खात होतेच हो. आठवड्यातून तीनदा, खोबरे घालून.

काचपट्टी

रंगाचा रक्ताशी संबंध नाही, तो बीटालेन रंगद्रव्यांचा. तांबड्या भाजीत लोह आहे, पण भाजीतले लोह मांस-माशांतल्या लोहापेक्षा कमी शोषले जाते. वर लिंबू पिळा, फायदा होईल. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो शोषण अडवतो. बीटचा उपयोग दुसऱ्याच वाटेने होतो. त्यातल्या नायट्रेटचे तोंडातले जिवाणू नायट्राइट करतात, पुढे नायट्रिक ऑक्साइड होते आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून लांब पल्ल्याचे खेळाडू बीटचा रस पितात. मिळणारा फायदा थोडासाच, आणि जंतुनाशक माउथवॉश वापरून चूळ भरलीत तर तोही जातो.

समुद्रपक्षी

लेहला गेलो होतो तेव्हाचे आठवले. सुमारे ३५०० मीटर उंची, हवेचा दाब आपल्या दोन तृतीयांश. विमानातून उतरून हॉटेलच्या पायऱ्या चढलो आणि बोटात ८६! तिथे मात्र धाप आणि आकडा दोघे बरोबर होते. म्हणजे मास्तरांची ती वळणदार रेघ, तिच्या सपाट भागावरून आम्ही उताराच्या तोंडाशी आलो होतो.

पक्षीवाल्यांसाठी गंमत सांगतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात दक्षिणेत येतो. आपल्या शेजारी गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर दिसतो. त्याचे हिमोग्लोबिन मैदानी हंसांपेक्षा ऑक्सिजन जास्त घट्ट धरते. उंचावर विरळ हवेतून भरून घेणे हीच अडचण, म्हणून पकड घट्ट हवी. सोडण्याचे काम पंखांच्या स्नायूंतल्या दाट केशवाहिन्या निभावतात.

धुळेरचा_विंगर

म्हणजे पकड सैल चांगली की घट्ट, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. आवडले.

तिरकस_तिसऱ्या

जमिनीवरून आकाशात गेलाच आहात तर समुद्रातही चला. कुर्ली साफ करताना तांबडे रक्त कधी दिसत नाही. तिच्यात हिमोग्लोबिन नाही का? आणि बांगड्याच्या कडेला जो काळपट पट्टा असतो तो रक्ताचा का? घरी यावर वाद आहे. मुलगी तो काढून ठेवते.

निवृत्त_मास्तर

कुर्लीत हिमोसायनिन. लोहाऐवजी तांबे, पेशींत नाही तर थेट द्रवात विरघळलेले. ऑक्सिजन धरला की निळसर, सोडला की जवळजवळ रंगहीन. माणक्याचेही (स्क्विडचेही) तसेच.

बांगड्याचा पट्टा रक्ताचा नव्हे, स्नायूचाच. तो मायोग्लोबिनने गडद होतो. हे हिमोग्लोबिनचे धाकटे भावंड स्नायूच्या आत राहते, ऑक्सिजन धरणारी जागा एकच, पण पकड भलतीच घट्ट. २-३ मिमी दाबालासुद्धा ते निम्मे भरलेले असते. त्यामुळे रक्तातून सुटलेला ऑक्सिजन ते उचलते आणि स्नायू अगदी टेकीला आला तेव्हाच सोडते. केंड्र्यूंनी ज्याची रचना १९५८ साली पहिल्यांदा दाखवली ते मायोग्लोबिन एका देवमाशाचे होते. तासभर बुडी मारणारा प्राणी, त्याच्या स्नायूत ते ठासून भरलेले असते. बांगडा दिवसभर पोहत राहतो, त्याला कडेचा हा पट्टा लागतो. चोणक दबा धरून झडप घालणारा, म्हणून मांस पांढरे. मुलीला सांगा, लोह त्या पट्ट्यातच आहे.

तिरकस_तिसऱ्या

सांगितले. म्हणाली, 'मग तुम्हीच खा.'

ट्रायथलॉन_मामा

'आकडा हलत नाही' हे वर पुष्कळदा आले, त्याला एक अपवाद. तांबडी पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीत स्वस्थ असताना पाऊण सेकंद असते, जोरात पाव सेकंद. भरायला तेवढा वेळही पुरतो. पण काही अव्वल धावपटूंचे हृदय इतके रक्त फेकते की पेशी त्याहूनही लवकर निसटते, आणि त्यांचे सॅच्युरेशन, म्हणजे बोटातला आकडा, अगदी कमाल जोरात ९० किंवा खालीही जाते. आपल्यासारख्यांचे हृदय आधी हात टेकते. सरावाने वाढते तेही मुख्यतः हृदयाचे फेकणे, मग स्नायूतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऑक्सिजन वापरणाऱ्या भट्ट्या. फुप्फुस जवळजवळ तेच राहते. फोंड्याचे सायकलवाले पहिल्याच पानावर बरोबर बोलले होते.

सायकलवाला_फोंडा

स्क्रीनशॉट घेतला आहे. बायकोला दाखवणार.

मांडवीकाठ

मंडळी, लेह झाले, कुर्ली झाली, बांगडा झाला. माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे! ऑक्सिजन रक्तात होता, पायांना मिळत होता, मग धाप कशाची? आणि चढणे थांबल्यावरही ती लगेच का जात नाही?

कांपालचा_पोहणारा

अर्धे उत्तर माझ्या प्रतिसादात आहे. श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या तालावर चालतो.

काचपट्टी

पुरते तेवढेच नाही. पहिली पायरी चढताच, रक्तात काही बदलायच्या आत श्वास वाढतो. मेंदू पायांना हुकूम सोडतो तेव्हा श्वासाच्या केंद्रालाही कळवतो, आणि हलणाऱ्या स्नायूंतल्या नसाही वर निरोप धाडतात. नंतर कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होऊ लागतो तो बाहेर टाकायला श्वास त्याच्या बरोबरीने चालतो. चढ तुमच्या आवाक्याबाहेर गेला की स्नायूतून आम्ल रक्तात येते, मानेतल्या रोहिणीजवळच्या छोट्या ग्रंथी ते टिपतात आणि श्वास एकदम सुटतो. तीच तुमची धाप. ऑक्सिजन संपला म्हणून ती नव्हती. कचरा वेळेवर बाहेर जावा आणि ऑक्सिजन ९७ च्या खाली जाऊच नये म्हणून होती. तुम्ही धाप टाकलीत म्हणून आकडा टिकला.

थांबल्यावर ती रेंगाळते, कारण वापरलेले क्रिएटिन फॉस्फेट परत भरायचे असते, मायोग्लोबिन आणि परतीचे रक्त पुन्हा भरायचे असते, अंग तापलेले असते, हृदय अजून धावत असते. या सगळ्याला जादा ऑक्सिजन लागतो. पहिली काही मिनिटे जोरात, मग हळूहळू ओसरते.

सायकलवाला_फोंडा

म्हणूनच पायऱ्यांना भिडायच्या आधी मळ्यातून पाच-दहा मिनिटे सपाटीवर चाला. स्नायू तापतो, त्यातल्या वाहिन्या उघडतात, हृदय आधीच वर आलेले असते. थंड पायांनी चढ सुरू केला की पहिल्या मिनिटाचे सगळे आम्ल फुकटचे.

काचपट्टी

आणि मांडवीकाठ, वर साखर वाढल्याचे लिहिलेत ते मला खटकले. धाप दोन-चार मिनिटांत ओसरत असेल आणि दर आठवड्याला जरा कमी होत असेल तर चांगलेच. पण छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा त्याच पायऱ्यांना दिवसेंदिवस जास्त दम, यातले काही असेल तर थांबा. साखरवाल्यांना कळ न येता नुसता दम लागूनही हृदयाचा आजार दिसू शकतो. तेव्हाही ऑक्सिमीटर ९८ दाखवील.

मांडवीकाठ

दडपण वगैरे नाही. ईसीजी नॉर्मल आहे. डॉक्टरांनी ट्रेडमिलवरची चाचणी सांगितली होती, ती तेवढी राहिली आहे.

काचपट्टी

मग ती आधी करून या. तोवर पायऱ्या नकोत, सपाटीवर चाला.